चौथ्या मोराची तीट

“प्रमोद, ह्या बाईचं नाक कुठाय?”

“कुठल्या बाईचं?”

“ही बातम्या सांगतेय ती. नाकाच्या जागी नुसता कणकेचा गोळा दिसतोय. आणि दोन्ही बाजूंनी अशी पसरलीय, जशी काही आठवड्यात पायलीभर बाजरी खाल्लीय.”

माझा लेक जेवता जेवता हसला. “आई, चाळीस इंची टीव्ही आहे. फुल एचडी. हे बघ, लिहिलंय.” कोपऱ्यातलं लेबल त्यानं उष्ट्या हातानंच दाखवलं. टीव्ही आणून आठ दिवस झाले होते, तरी वरचं प्लास्टिक तो कुणाला काढू देत नव्हता.

“लेबल लावलं म्हणून सुताचं रेशीम होत नाही,” मी म्हणाले. “तुझ्या जुन्या डबड्या टीव्हीत बाईला नाक होतं.”

“तो लहान होता म्हणून तसं वाटायचं.”

“म्हणजे माणूस मोठं झालं की त्याचं नाक जातं?”

सुनेनं, योगितानं, हसू लपवायला ताक ढवळायला घेतलं.

ही गोष्ट बारा वर्षांपूर्वीची. आमचं घर येवल्यातलं, पैठणी विणणाऱ्यांचं. पुढच्या खोलीत खड्ड्यातला माग, मागच्या खोलीत स्वयंपाक, आणि मधल्या खोलीत तो टीव्ही. मागावर मी बसायची. तेव्हा माझं वय साठीला टेकलेलं, पण येवल्यात अनसूया दिवट्यांच्या मोराला तोड नव्हती, हे मी स्वतः सांगते, कारण दुसरं कुणी सांगेपर्यंत थांबायचा माझा स्वभाव नाही. शाळा तिसरीपर्यंत. अक्षर लावून लावून वाचते. धागे मात्र कुणी मोजायला शिकवले नाहीत, ते आपोआप मोजले जातात.

त्या शुक्रवारी दुपारी बातम्या संपल्या आणि कारागिरांवरचा एक कार्यक्रम लागला. मी उठणारच होते. तेवढ्यात माग दिसला. कुठल्यातरी गावातलं बायकांचं विणकाम केंद्र होतं. थंडीचे दिवस असावेत, बायका शाली पांघरून बसलेल्या. चेहरे धड दिसत नव्हते. मग दोन हातांनी एक पदर उलगडून धरला आणि पदरावर मोर होते.

मोर तर सगळेच विणतात. पण सगळ्यांचे मोर पुढं बघतात. ह्या मोरांनी मान मागं वळवली होती, आपल्याच पिसाऱ्याकडं बघत.

तो मोर माझ्या सासूबाईंचा. त्यांनी कोळशानं भिंतीवर काढला, मग विणला, मग मला शिकवला. मी तो फक्त एकीला शिकवला. माझ्या लेकीला, वैजूला.

मी पाटावरून उठून टीव्हीसमोर गेले. जवळ गेल्यावर तर काहीच दिसेना. मोराचा पाय नाही, पंजा नाही, नुसता हिरवा-पिवळा चिखल. खाली पट्टीवर गावाचं नाव येत असावं, पण अक्षरांची फक्त वरची शेंडी दिसत होती, बाकीची पट्टी टीव्हीच्या कडेखाली बुडालेली. मग जाहिरात लागली.

“पुन्हा कधी दाखवणार?” मी विचारलं.

“काय?”

“हेच.”

योगितानं सांगितलं, “रविवारी दुपारी दोन वाजता, असं म्हणाली ती बाई.”

“प्रमोद, रविवारच्या आत ह्या टीव्हीचे नाकडोळे नीट झाले पाहिजेत.”

“अगं पण कशासाठी?”

“मला बातम्यांच्या बाईचं नाक बघायचंय,” मी म्हणाले आणि मागावर जाऊन बसले. त्या दुपारी तीन वेळा विणलेलं उसवलं.

वैजूला घर सोडून तेव्हा पाच वर्षं झाली होती. तिनं लग्न केलं ते यंत्रमागावरच्या एका मिस्त्रीशी, सुधाकर नावाच्या. जात वेगळी. मी लोकांना सांगायची की मला जातीचं काही नाही, यंत्राचा राग आहे. खरं काय ते माझं मला ठाऊक. ती निघाली तेव्हा मी दारात उभी राहून म्हणाले होते, “जातेस तर जा. पण आमच्या घरचा मोर इथं ठेवून जा. तुझ्या हातून तो पुन्हा निघता कामा नये.” ती गेली. वर्षभरानं तिचं एक पत्र आलं. मी ते प्रमोदला वाचू दिलं नाही, उघडलंही नाही. फाडलं आणि चुलीत घातलं. त्यावरचा पत्ताही त्यातच गेला. त्यानंतर काही आलं नाही. घरात तिचं नाव कुणी घ्यायचं नाही, असा नियम होता, आणि नियम माझाच होता.

आता टीव्हीतला तो मोर तिचा की कुणी चोरलेला, हे कळायला एकच खूण होती. आमच्या घरात पदर विणताना डावीकडून चौथ्या मोराच्या पंजापाशी एक काळा धागा घालतात, तिळाएवढा. तीट. एवढी देखणी वस्तू बिनतिटेची बाहेर पाठवायची नाही, असं सासूबाई म्हणायच्या. विणणारी पोटुशी असेल तर दोन घालायच्या, मध्ये फक्त एका धाग्याची जागा सोडून. एक साडीची, एक जिवाची. प्रमोदच्या वेळी मी घातल्या, वैजूच्या वेळीही घातल्या. गिऱ्हाइकाला ती दिसत नाही, दिसली तर तो दोष समजतो. ज्यानं मोर चोरला असेल, तो मान चोरेल, पिसारा चोरेल. तीट चोरणार नाही, कारण त्याला ती दिसणारच नाही.

योगितालासुद्धा मी ती दाखवली नव्हती. निफाडकडच्या द्राक्षवाल्यांची पोर, बारावी सायन्स. तिला मी सहा वर्षं नुसते काठ विणायला दिले होते.

शनिवारी डिशवाले शिंदे आले. योगितानंच फोन करून बोलावलं होतं. तिचं म्हणणं, टीव्ही एचडी असला तरी छत्रीचा डबा जुना आहे, तो बदलायला हवा. शिंद्यांनी डबा बदलला, जुनीच लाल-पिवळी-पांढरी वायर खुपसली आणि हात झटकले.

“झालं काकू. एचडी.”

मी बाईकडं पाहिलं. “नाक?”

“काय?”

“हिचं नाक कुठाय?”

शिंदे टीव्हीकडं बघत राहिले. “चॅनेलकडूनच तसं येत असेल.”

“चॅनेलवाल्यांनी बिननाकाची बाई पगारावर ठेवली का?”

ते चहा न घेता गेले. प्रमोद माझ्यावरच चिडला. “आई, माणसं घरी यायची बंद होतील. आलंय ना एचडी? डब्यावर पण लिहिलंय!”

“हो. आता दोन लेबलं झाली.”

योगितानं डब्यासोबत आलेलं पुस्तक काढलं आणि मागाच्या कडेला, माझ्या शेजारी येऊन बसली. पान उलटायची, ओठ हलवायची.

“काय मंत्र म्हणतेस?”

“आई, हे बघा. आपलं आधीचं चित्र होतं ना, त्यात वरपासून खालपर्यंत पाचशे शहात्तर ओळी. एचडीत एक हजार ऐंशी. आणि एकेका ओळीत ठिपके पण जास्त, एकोणीसशे वीस. चित्र म्हणजे नुसते चौकोनी ठिपकेच असतात. तुमच्या नक्षीच्या कागदासारखे.”

मी हात थांबवला. “म्हणजे फणी बारीक.”

“फणी?”

“अगं, ह्या फणीतून धागे जातात ना. फणी जाड असली की इंचात धागे कमी. मग बारीक नक्षी बसतच नाही. शेजारशेजारचे दोन ठिपके एकमेकांच्या अंगावर पडतात आणि एकच डाग दिसतो. फणी बारीक घेतली की दोघांच्या मधली जागा दिसते.”

“हेच, आई! अगदी हेच लिहिलंय ह्यात, फक्त चार पानं घेतलीत.”

“मग लिहिणाऱ्याला माग दाखवायला हवा होता. बरं, आता अडलंय कुठं? टीव्ही बारीक फणीचा, डबा बारीक फणीचा.”

“मधली वायर जुनी आहे. तिच्यातून एचडी जातच नाही.”

“म्हणजे आपण सुतळीनं पैठणी विणतोय.” मला पहिल्यांदाच त्या पोरीशी बोलताना बरं वाटलं, पण तसं दाखवायचं काही कारण नव्हतं. “दुसरी वायर कुठं मिळते ते तुझ्या बारावीला विचार.”

“टीव्हीच्या खोक्यात असते म्हणे.”

खोकं प्रमोदनं माळ्यावर टाकलं होतं. रविवारी सकाळी योगिता स्टुलावर चढली आणि थर्माकोलच्या खाचेतून एक काळी, चपट्या तोंडाची वायर काढून घेऊन आली. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मी प्रमोदकडं नुसतं पाहिलं. तो आंघोळीला गेला.

दुपारी एक वाजता तिनं जुनी वायर काढली आणि नवी लावली. टीव्ही निळा पडला. नुसता निळा.

“घालवलंस!” प्रमोद ओरडला. “होतं तेही घालवलंस! जुनी वायर लाव परत.”

“थांबा हो जरा.”

“दीड वाजत आला. आईला दोनचा कार्यक्रम—”

“तिला करू दे,” मी म्हणाले.

दोघंही माझ्याकडं बघायला लागले. सहा वर्षांत मी तसं पहिल्यांदा म्हणाले असेन.

टीव्हीला सांगावं लागतं म्हणे, आता कुठल्या दारातून माल येतोय ते. रिमोटवरचं एक बटण दाबून तिनं दार बदललं आणि चित्र आलं. बाई अजून धुरकट. मग ती डब्याच्या आतल्या याद्यांमध्ये शिरली. तिथं पाचशे शहात्तर लिहिलेलं होतं, तिनं त्याचं एक हजार ऐंशी केलं. पुस्तक म्हणत होतं तसं करून तिनं डब्यात पेनड्राइव्हही खोचला, त्यानं म्हणे चालू कार्यक्रम थांबवता येतो. तरी बाई तशीच.

“आता काय? आता तर सगळं झालं,” प्रमोद म्हणाला.

योगिताच्या कपाळावर घाम आला होता. तिनं पुन्हा पान उलटलं. मी घड्याळाकडं पाहिलं, दोनला दहा कमी. कार्यक्रम हुकला तर तो पुन्हा लागेल न लागेल. आणि मला कुणाला विचारताही येणार नव्हतं, कारण विचारायचं म्हटलं तर नाव घ्यावं लागलं असतं.

“चॅनेल!” योगिता एकदम म्हणाली. “आपण साध्याच नंबरवर आहोत. ह्याच चॅनेलचा एचडीचा नंबर वेगळा असतो.” तिनं यादी खाली खाली सरकवली, एका ठिकाणी थांबली आणि बटण दाबलं.

बाईला नाक आलं. नाकात मोरणी होती. मोरणीत सात खडे होते, मी मोजले.

“अगं बाई,” मी म्हणाले. “हिच्या हनुवटीवर तर फोड आलाय.”

प्रमोद तोंड उघडं टाकून बसला होता. पण बाई अजून आडवीच पसरलेली होती आणि खालच्या पट्टीतली अक्षरं बुडालेली होती. “ही खालची पट्टी का कापली जाते?” मी विचारलं.

योगिता चपापून प्रमोदकडं बघायला लागली. प्रमोदनं मान खाली घातली. आणल्या दिवशी त्यानंच चित्र ताणून ठेवलं होतं. का, तर चाळीस इंचांचा एकही कोपरा रिकामा राहू नये. ताणलं की कडा बाहेर जातात, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्यानं स्वतःच रिमोट घेतला आणि ते सरळ केलं. बाई बारीक झाली आणि पट्टी वर आली.

“आई,” योगिता हळूच म्हणाली, “नाकासाठी एवढं कुणी करत नाही.”

मी घड्याळाकडं बोट दाखवलं. दोन वाजले होते.

कार्यक्रम सुरू झाला. माग आले, शाली आल्या. मी टीव्हीपासून हातभर अंतरावर पाट घेऊन बसले. मग ते दोन हात आले. डाव्या अंगठ्यावर एक जुना व्रण होता. आता तो दिसत होता. नऊ वर्षांची असताना कात्रीनं झालेला. हातांनी पदर उलगडला.

“थांबव!”

योगितानं बटण दाबलं. चित्र थिजलं. मी डावीकडून मोजलं. एक, दोन, तीन, चार. चौथ्याचा पंजा. मी बोट ठेवलं.

“इथं काय दिसतं तुला?”

ती वाकून बघायला लागली. “काळं काहीतरी आहे. विणताना चुकलंय का?”

“चुकलेलं नाही. नीट बघ. किती आहेत?”

“एक... नाही. थांबा.” तिनं डोळे बारीक केले. “दोन आहेत. मध्ये बारीकशी जागा आहे.”

मलाही दोनच दिसत होते. पण मला ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडून ऐकायचं होतं.

“पट्टीवर काय लिहिलंय?”

“महिला विणकाम केंद्र, चिंचोली, तालुका कन्नड. आई, काय झालं? तुम्ही अशा का बसलात?”

“वैजूला दिवस गेलेत,” मी म्हणाले.

पाच वर्षांनी त्या घरात ते नाव निघालं होतं, तेही माझ्या तोंडून. प्रमोद उठून उभा राहिला, पुन्हा बसला. “तुला कसं कळलं?” एवढंच त्याला विचारता आलं. मी त्याला तिटेचं सांगितलं. ऐकता ऐकता तो टीव्हीच्या काचेवर, त्या दोन ठिपक्यांवर हात ठेवून बसला आणि वरचं प्लास्टिक बोटांनी सोलायला लागला, जणू तेवढंच मध्ये आलं होतं.

मी मनातल्या मनात महिने मोजत होते. चित्र काढलं तेव्हा थंडी होती. आता चैत्र लागला होता. म्हणजे सातवा तरी, कदाचित आठवा.

सोमवारी पहाटेच्या एसटीनं मी आणि योगिता निघालो. प्रमोदला मी नेलं नाही. तो रडला असता, आणि मग मलाही रडावं लागलं असतं.

चिंचोलीत उतरल्यावर केंद्र विचारायलाच लागलं नाही. मागाचा आवाज मला वेशीतून ऐकू आला. पत्र्याची लांब खोली, सहा माग. शेवटच्या मागावर ती बसली होती. पोट मागाच्या दांडीला टेकलेलं, केस कसेतरी वर बांधलेले. मला बघून तिच्या हातातली रेशमाची तिल्ली थांबली. उठली नाही. मीही पुढं झाले नाही.

योगिता मध्ये उभी राहून एकदा हिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती.

पाच वर्षांत तिला काय काय बोलायचं हे मी हजारदा ठरवलं होतं. त्यातलं एकही आठवलं नाही. मी तिच्या मागावरच्या पदराकडं पाहिलं आणि म्हणाले, “मोराची मान जाड झालीय.”

“टीव्हीत दिसली?” वैजू म्हणाली.

“दिसली. एक हजार ऐंशी ओळींत दिसली.”

तिला काही कळलं नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. लहानपणी रागावल्यावर हसू दाबताना हलायचा तसा.

“घरचा मोर विणायचा नाही, असं सांगितलं होतं मी.”

“हो.”

“तरी विणलास.”

“हो.”

“आणि कॅमेऱ्यापुढं तोच पदर बरोबर धरलास. चौथा मोर मधोमध येईल असा.”

“कॅमेरावाला म्हणत होता, जरा वर धरा,” वैजू म्हणाली. “मी म्हटलं, नाही, असाच धरणार. तो म्हणाला, इथं तर डाग आहे बाई. मी म्हटलं, राहू द्या.”

“सरळ पत्र टाकायचंस.”

“टाकलं होतं की एकदा.” तिनं माझ्याकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसलं नाही. “कागद तू फाडतेस, आई. पदर काही फाडला नसतास.”

खोलीतले बाकीचे माग केव्हाच थांबले होते. सगळ्या बायका ऐकत होत्या. मला लोकांपुढं रडायची सवय नाही, तेव्हाही नव्हती.

“ऊठ,” मी म्हणाले. “आठव्या महिन्यात खड्ड्यात बसून कोण विणतं? सुधाकररावांना कळत नाही का?”

मी तिच्या नवऱ्याचं नाव घेतलं, तेही राव लावून, तेव्हा ती रडली. योगितानं तिला हाताला धरून वर काढलं. मी साडी खोचून खड्ड्यात उतरले. तिची बैठक माझ्यापेक्षा उंच, पाय जरा लोंबत होते. पण तिल्ली हातात घेतल्यावर हात चालायला लागले. मोरांची ओळ डोक्यांकडून पंजांकडं अर्धी विणून झाली होती. ती पुढं नेली. तिन्हीसांजेपर्यंत चौथ्याच्या पंजापर्यंत आले आणि थांबले.

“ह्या माझ्या हातानं घालायच्या नाहीत,” मी म्हणाले. “तू घाल.”

वैजू वरूनच वाकली. तिनं काळा धागा घेतला, एक तीट घातली, एका धाग्याची जागा सोडली आणि दुसरी घातली. योगिता शेजारी उकिडवी बसून बघत होती.

“नीट बघून ठेव,” मी तिला म्हणाले. “घरी गेल्यावर तुलाही मोर विणायला घ्यायचाय.”